जत्रेचा भरपगारी दिवस

अवसरी बुद्रुक,
दि. ११ मार्च

ती. अक्कास,
गोरखचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आईच्या हुकमावरून हे पत्र लिहितो आहे. दिवाळीला फोनवर आपलं जे वाजलं, त्यानंतर तिने फर्मानच काढलं, की तुम्हा बहीणभावाला फोन मानवत नाही. एकाचं बोलणं संपायच्या आत दुसरा सुरू होतो. पत्रात कुणाला मधे तोंड घालता येत नाही, तेव्हा लिहा. मी म्हटलं, आता पत्र कोण टाकतं? तर म्हणाली, अमजद रोज संध्याकाळी रिकामा टेम्पो घेऊन जुन्नरला घरी जातोच की. तर आता माझ्या पॅकहाउसचा टेम्पो सकाळी जुन्नरहून द्राक्षं आणतो आणि संध्याकाळी आपली भांडणं नेतो. अमजदने पत्रासाठी शर्टाचा वरचा खिसा राखून ठेवला आहे. उत्तर घेऊनच ये, असं त्याला सांगितलंय.

इकडे द्राक्षाचा हंगाम जोरात आहे आणि मी वैतागाने अर्धा झालो आहे. आपला माल परदेशात नेणाऱ्या कंपनीचे एक साहेब पेठला पॅकहाउसची शेड तपासायला आले. डोक्याला जाळी, बुटांवर पिशव्या चढवून सगळीकडे फिरले. द्राक्षं छान म्हणाले, थंड खोली छान म्हणाले आणि मग विचारलं, बायकांना सणांच्या सुट्ट्या देता का? मी छाती काढून सांगितलं, सुट्टी कशाला, सुट्टीचे पैसे देतो, रोख, दुप्पट. साहेबांनी मान हलवली. म्हणाले, तसं चालत नाही. सणाचा दिवस हा आधी दिवस म्हणून द्यायचा. त्या दिवशी काम घेतलंच तर दुप्पट पगार द्यायचा आणि वर बदली सुट्टीही द्यायची. अक्का, आजूबाजूच्या शेडवाले दुप्पट सोड, वेळेवर एकपटही देत नाहीत. त्यांना कुणी विचारत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

तरी मी मन मोठं केलं. सगळ्या बायांना गोळा करून जाहीर केलं, की येत्या अवसरीच्या जत्रेला शेड बंद, भरपगारी सुट्टी. बहुतेक बाया अवसरीच्याच सुना आहेत, तेव्हा आपल्या गावचीच जत्रा निवडली. त्यांची म्होरकी कुशाबाई, तुला आठवत असेल, वेशीजवळच्या घरातली, तीही समोर होती. कुणी काही बोललं नाही. आनंदाने गप्प झाल्या असतील.

तू या खेपेला जत्रेला ये. साडीचे पैसे फोनवर टाकले आहेत, मिळाले का कळव.

तुझा लोभ दिवाळीत जरा पातळ झाला होता, तो आटवून पुन्हा घट्ट करावास, ही विनंती.

तुझा,
गोरख

—

जुन्नर,
दि. १३ मार्च

चि. गोरख यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अमजदने पत्र दारात उभं राहून दिलं आणि सांगितलं, की शेठ लिहिताना तीन वेळा पेन आपटत होते. वाचून कळलं का ते.

आईने फोन बंद करून पत्र सुरू केलं हे फार बरं झालं. तुझं अक्षर अजून चौथीतल्यासारखंच आहे, कोंबडीचे पाय. पण निदान मला पुरतं वाचू तरी देतोस. फोनवर तू हॅलो म्हणायच्या आधीच रागावलेला असतोस.

सुट्टी दिलीस, चांगलं केलंस. पण बाया आनंदाने गप्प झाल्या असं लिहिलंस, तिथे मी अडले. अरे, आनंदाने गप्प झालेल्या बाया तू कुठे पाहिल्यास? माझी उभी नोकरी दवाखान्याच्या वॉर्डात गेली. बाईला बरं वाटलं की ती पलीकडच्या कॉटवरच्या बाईला हाक मारते. गप्प पडून राहिली की मी आधी ताप बघते. तू त्यांना काही विचारलंस का, की नुसतंच सांगितलंस? अमजदची ईद असते तेव्हा तू चंद्र दिसला का म्हणून त्याला स्वतः विचारतोस आणि मग सुट्टी देतोस. तेवढंच इकडेही करायचं होतंस.

मला जत्रेला जमणार नाही. पुढच्या वर्षी निवृत्त होते आहे. सगळी रजा जपून साठवली आहे, निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळतात. तुझे दाजी म्हणतात, त्यातून माडीवर खोली काढू. आता त्यातली एकेक रजा मोडायची म्हणजे लोणच्याची बरणी सारखी उघडण्यासारखं वाटतं. आईला समजावून सांग.

साडीचे पैसे मिळाले. फोन वाजला तेव्हा मी एका आजीबाईंना सलाईन लावत होते. दुकानात अजून गेले नाही. जाईन सावकाश.

हर्षालीला आणि तुम्हा दोघांच्या अक्षदाला आशीर्वाद. आईला गुडघ्याचं तेल अमजदबरोबर पाठवते आहे. तू ममता ठेवतोसच, ती जरा कान उघडे ठेवून ठेवावी.

तुझी,
अक्का

—

अवसरी बुद्रुक,
दि. २ एप्रिल

ती. अक्कास,
गोरखचा सा. न. वि. वि.

काल जत्रा झाली. झाली म्हणजे गावाची झाली, माझी नाही.

मी सकाळपासून बैलगाडा शर्यतीच्या घाटात होतो. आपल्या बैलांची बारी अकराच्या सुमाराला होती. फेटा बांधला होता, भंडारा उधळून झाला होता, माईकवरून माझं नाव पुकारत होते, आणि नेमका शेडवरच्या राखणदाराचा फोन. म्हणतो, शेठ, सगळ्या बाया गेटवर जमल्यात. मला वाटलं मोर्चा आला. कुणाला काही न सांगता गाडी काढली आणि तसाच फेट्यासकट पेठ गाठलं. बघतो तर बाया सावलीत डबे घेऊन बसल्यात आणि म्हणतात, शेड उघडा, आम्ही कामावर आलोय.

अक्का, भरपगारी सुट्टी! घरी बसून पगार! आणि या वडापच्या जीपला पदरचं भाडं भरून कामावर आल्या! मी विचारलं, सुट्टी आहे माहीत नाही का? म्हणाल्या, माहीत हाय. मग का आलात? तर एकमेकींकडे बघून हसल्या आणि पंखा लावा म्हणाल्या. उघडली शेड. काय करतो? संध्याकाळपर्यंत निवांत द्राक्षं निवडत बसल्या, गाणी म्हटली, जेवून घटकाभर आडव्या झाल्या. इकडे घाटात आपले बैल पळाले आणि पहिलेसुद्धा आले, पण बक्षीस घ्यायला मालक जागेवर नाही. ढाल चुलत्याने घेतली. फोटोत तोच आहे.

पण खरी गंमत आज. कुशाबाई केबिनमधे आली आणि म्हणाली, की कालची सुट्टी आम्ही घेतलेली नाही, ती शिल्लक आहे. ती आम्हाला महाळुंगे पडवळच्या जत्रेला द्या. निम्म्याअधिक बाया निघाल्या महाळुंग्याच्या लेकी. आणि त्याच दिवशी माझा हंगामातला शेवटचा कंटेनर भरायचा आहे. द्राक्ष थांबत नाही, बोट थांबत नाही. मी म्हटलं, त्या दिवसाचे दुप्पट पैसे आत्ता देतो, आणि पाकीट तिच्यापुढे ठेवलं. तिने ते बोटाने परत माझ्याकडे सरकवलं. पैसं नकोत दादा, दिस द्या, म्हणाली. तिच्या दोघी बहिणी, एक कल्याणला दिलेली, एक सिन्नरकडे, त्या दिवशी माहेरी येतात म्हणे. वर्षात तेवढ्याच वेळी तिघी भेटतात. मी म्हटलं, व्हिडिओ कॉल कर की. तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच खुळा.

मग माझंही डोकं फिरलं. सांगून टाकलं, की त्या दिवशी जी गैरहजर, तिने पुन्हा शेडची पायरी चढायची नाही. आणि सगळ्यात आधी कुशाबाईने. ती इतकंच म्हणाली, बरं. अक्षदा बघत होती, ती म्हणते, पप्पा, बरं म्हणाली म्हणजे जाणारच.

सुट्टी दिली तर घेत नाहीत, पैसे दिले तर घेत नाहीत. देवाने ही माणसं कुठल्या मातीची घडवली, तूच सांग. तुझा लोभ माझ्यावर असावा, त्यांच्यावर नसावा.

तुझा,
गोरख

—

जुन्नर,
दि. ४ एप्रिल

चि. गोरख यास,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र जेवताना वाचलं आणि ठसका लागला. तुझे दाजी पाठीत थोपटत विचारत होते, काय झालं? मी म्हटलं, माझा भाऊ पन्नाशीला आला आणि अजून त्याला जत्रा म्हणजे काय ते कळलं नाही.

अरे बाबा, जत्रा दोन असतात. एक माहेरची, एक सासरची. तू पुरुष, तुला जन्मभर एकच. अवसरीची जत्रा त्या बायांची सासरची जत्रा आहे. त्या दिवशी सासरी काय असतं, ते तुझ्याच घरात बघ. पाहुणे पहाटेपासून. पुरण शिजवा, वाटा, पोळ्या लाटा. एक पंगत उठली की दुसरी. दुसऱ्या दिवशी मटणाची पातेली. घाटात कुणाचे बैल पळाले आणि पालखी कुठवर आली, हे त्यांना माईकवरून कळतं, तेही चूल फुंकता फुंकता. तू डोक्याला फेटा बांधून निघालास तेव्हा हर्षाली कुठे होती, आठवतंय? आणि तू त्या बायांना मोठ्या मनाने काय दिलंस, तर दिवसभर पोळ्या लाटायला भरपगारी सवड! त्या शहाण्या. कामावर जायचंय, मालक ऐकत नाही, असं सासूला सांगून त्यांनी घर सोडलं आणि तुझ्या पंख्याखाली येऊन आडव्या झाल्या. मला विचारशील तर सुट्टी त्यांनी तिथेच घेतली, पण तू तिला काम म्हणतोस.

त्यांना दिवस हवा आहे माहेरचा. तिथे बाई पाहुणी असते. ताट तिच्यापुढे येतं, तिला कुणी उठवत नाही. कुशाबाईला बहिणींच्या शेजारी बसून शिळ्या पोळीचा तुकडा मोडायचा असेल. त्याचे दुप्पट पैसे किती होतात, ते तुझ्या साहेबांना विचार. आणि साहेबांनी तुला हेही सांगितलं असणार, की सणाचे दिवस मालक आणि कामगारांनी बसून, मिळून ठरवायचे असतात. ते तू पत्रात लिहिलं नाहीस. विसरला असशील, किंवा ऐकलंच नसशील. जी बाई ताप असतानासुद्धा कधी खाडा करत नाही असं तूच मला दिवाळीत सांगत होतास, तिला तू एका दिवसासाठी घरी बसवणार? लाज वाटायला हवी.

आता लिहायलाच बसले आहे तर तेही लिहिते. तुला रागवायचं तर रागव, मधे बोलता यायचं नाही. दिवसाच्या बदल्यात पैसे देण्याची ही खोड तुझी शेडमधली नाही, घरातली आहे. अण्णा होते तोवर दर जत्रेला मुराळी म्हणून स्वतः मला न्यायला यायचे. एसटीने यायचे, रात्री मुक्काम करायचे, सकाळी माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावून निघायचे. रस्त्याने सगळ्यांना सांगायचे, लेक न्यायला आलोय. ते गेले आणि तेव्हापासून माझा फोन वाजतो. टिंग, साडीचे पैसे जमा. त्या पैशांची एकही साडी मी घेतलेली नाही, गोरख. दुकानदाराने दाखवलेली साडी मला माहेरची वाटत नाही.

वाईट वाटलं म्हणून लिहिलं. माया कमी झालेली नाही, पण तिला आता जरा धाप लागते, एवढं समजून असावं.

अक्का

—

अवसरी बुद्रुक,
दि. ६ एप्रिल

ती. अक्कास,
न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. चांगलंच मिळालं.

तू मला सांगतेस? तू? गेली कित्येक वर्षं दर दिवाळीला मला ऐकवतेस, की रजा इतकी साठली, आता इतकी झाली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं तेव्हा तू रविवारी आलीस आणि रविवारीच गेलीस, कारण रजा मोडायची नव्हती. अक्षदाच्या बारशाला पाळण्यात नाव ठेवायला आत्या उशिरा पोचली, कारण ड्युटी बदलून मिळाली नाही म्हणे. मी निदान दुसऱ्यांचे दिवस विकत घेतो. तू स्वतःचे विकायला काढलेस आणि वर माडी बांधणार आहेस. मी आलोही असतो मुराळी म्हणून. आणि तू काय केलं असतंस? दारातूनच म्हणाली असतीस, अरे रजा नाही. मग एसटीच्या सीटवर तुझी पिशवी शेजारी बसवून आणायची होती का मी?

हे लिहून आता जरा बरं वाटलं.

तुझं पत्र वाचल्यावर हर्षालीला विचारलं, की जत्रेच्या दिवशी तुला काही त्रास होतो का? तिने स्वयंपाकघरात जाऊन पुरणयंत्र आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, जरा फिरवून बघा. मी फिरवलं. अजून उजवा खांदा वर होत नाही.

पण अक्का, कंटेनरचं काय करू? तेवढं कुणीच सांगत नाही. सगळ्यांना माहेर आहे, माझ्या द्राक्षांना नाही. कुशाबाई रोज वेळेवर येते, मान खाली घालून काम करते, आणि जाताना पोरींना मण्यांवरचा डाग कसा ओळखायचा ते शिकवून जाते. परवा म्हटलं, हे काय चाललंय? तर म्हणाली, मी नसल्यावर तुमची अडचण व्हायला नको. तिने मनातून काम सोडलेलं दिसतंय. तिच्यासारखा हात मला मिळणार नाही, हे मलाही कळतं. पण बोलून बसलोय. बोललेलं मागे घेतलं तर उद्या शेडमधे माझं कोण ऐकेल?

आई या सगळ्यात एक शब्द बोलत नाही. तूच म्हणालीस ना, गप्प बाई दिसली की आधी ताप बघावा. बघितला. ताप नाही.

राग असावा तर असो, पण पत्र यावं.

गोरख

—

अवसरी बुद्रुक,
दि. ७ एप्रिल

गोरख्या आणि इंदे,
दोघास्नी आईचा आशीर्वाद.

म्या सांगती आन् अक्षदा लिवती. तिला बजावलंय, जसं बोलती तसंच लिव, शाळंतलं करू नको. एक कागद जुन्नरला जाईल, एक गोरख्याच्या उशाखाली ठिवायला सांगितलाय. एका घरात ऱ्हाऊन म्या त्याला पत्र धाडती, कारण त्वांडानं सांगितलेलं त्यो ऐकत नाय.

तुमची पत्रं म्या अक्षदाकडून वाचून घेतली. दोघांचीबी. मला वाटलं व्हतं, फोनवर भांडत्यात, कागदावर तरी नीट बोलत्याल. कसलं काय! एक दिस इकत घेतोय, दुसरी दिस साठवून ठिवतीय. आरं, दिस म्हंजी काय कणगीतलं धान्य हाय का, आत्ता राखून ठिवलं आन् मागनं काढून खाल्लं? माझे आता किती ऱ्हायल्यात ते मला म्हाईत नाय, आन् जे ऱ्हायल्यात त्यात तुमी दोघं एका येळेला माझ्याम्होरं बसलेलं मला दिसत नाय. लई कटाळा आला तुमचा.

इंदे, तू माडी बांध. बांध खुशाल. पर त्या माडीवर मला चढाया येणार नाय, माझं गुडघं बघून तूच तेल धाडलंय. मग कोणासाठी बांधती?

गोरख्या, तू इसरला दिसतोय. म्या बी महाळुंग्याचीच लेक हाय. तुझा मामा व्हता तवर न्यायला यायचा. त्यो गेला, मग कोण कशाला येतंय. मला कुणी इचारलंबी नाय, आन् म्याबी बोलली नाय. पुरण वाटत बसली. काल कुशी पाणी प्यायला टेकली व्हती, तिला म्या इचारलं, मला नेशील का गं? ती म्हनली, चला की आत्या, कामावरनं तर काढलंच हाय, आता कुणाला भ्यायाचं. तवा म्या कुशीसंगं महाळुंग्याच्या जत्रंला जाणार हाय. अमजदला सांगून ठिवलंय, टेम्पोत गादी टाकून दे. त्यो म्हनला, शेठला इचारतो. म्या म्हनलं, शेठला म्या जन्म दिलाय, शेठला कशाला इचारतो.

त्या दिशी जी गैरहजर, तिला काढणार म्हनलास ना? तर मग मलाबी काढ. शेडात नसंल, पर तुझ्या घरात तुझ्या जन्माच्या आधीपासून कामावर हाय, आन् अजून एक सुट्टी घेतलेली नाय.

आता म्या दमली. लोभ ठिवा म्हनायचं असतंय, अक्षदा सांगती. तुमचा लोभ कागदावर ऱ्हाऊ द्या. मला माणसं पायजेत.

प्रयागबाई

(आत्या, आजी सांगताना रडली नाही, पण मधे दोनदा चष्मा पुसायला मागितला. — अक्षदा)

—

अवसरी बुद्रुक,
दि. ९ एप्रिल

ती. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुला आईचं पत्र मिळालंच असेल. मला सकाळी उशाखाली सापडलं. चहा न घेता शेडवर गेलो.

सगळ्या बायांना बोलावलं. उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बसा. बसल्या नाहीत. मग मीच एक क्रेट उलटा करून बसलो, तेव्हा बसल्या. म्हटलं, कंटेनर असा आहे, जत्रा अशी आहे, मला काही सुचत नाही, तुम्हीच सांगा. अक्का, मी इतके दिवस रात्रीचा दिवस करून जे सोडवू शकलो नाही, ते त्यांनी चहा गार व्हायच्या आत सोडवलं. आदल्या दिवशी उशिरापर्यंत थांबून निम्मा माल भरायचा, उरलेला जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. ज्या महाळुंग्याच्या नाहीत, त्यांनी थंड खोली सांभाळायची, त्याच्या बदल्यात त्यांना आपापल्या माहेरच्या जत्रेला सुट्टी. आणि पुढच्या वर्षीपासून अवसरीच्या जत्रेला शेड उघडी. त्यावर सगळ्या इतक्या हसल्या, की राखणदार आत डोकावून गेला.

साहेबांना फोन केला. म्हटलं, तुम्हीच म्हणाला होतात सुट्टी द्या, तर कंटेनर आता एक दिवस उशिरा न्या. मग बघतो म्हणाले. अजून बघतायत. भावात थोडं खाली यावं लागेलसं दिसतंय. ते मी आईला सांगितलेलं नाही.

कुशाबाईला म्हटलं, मी बोललो ते बोललो. ती म्हणाली, म्या कुठं ऐकलं? बस, तेवढंच. माफी मागायला निघालो होतो, तिने ती तोंडातच ठेवायला लावली. आईची गादी मात्र टेम्पोत टाकायची नाही, असं मी आईला बजावलं. आपली गाडी आहे, ती घेऊन जाऊ. आई म्हणाली, कुशी त्या गाडीत बसली पाहिजे, आणि पुढे. मान्य केलं.

आता तुझं. आईने तुलाही बोलावलं आहे. जत्रा रविवारी नाही, हे तुला मुद्दाम कळवतो. रजा मोडावी लागेल. मोड. आदल्या संध्याकाळी अमजद टेम्पो घेऊन जुन्नरला त्याच्या घरी येईलच, तू तयारी करून ठेव. सकाळी तो तुला थेट महाळुंग्याला आणून सोडेल. मी भरणीच्या गडबडीत असेन, पण अमजद भरवशाचा आहे.

लोभ होता तसा पूर्ववत व्हावा.

तुझा,
गोरख

—

जुन्नर,
दि. १० एप्रिल

चि. गोरख यास,
आशीर्वाद. वि. वि.

आईचं पत्र मी दवाखान्यात औषधांच्या खोलीत उभी राहून वाचलं. पुन्हा वाचलं. मग मेट्रनबाईंच्या टेबलावर जाऊन रजेचा अर्ज लिहिला. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. म्हणाल्या, सिस्टर, घरी सगळं बरं आहे ना? इतक्या वर्षांत तुम्ही अर्ज दिलेला मी पाहिला नाही. मी म्हटलं, सगळं बरं आहे, म्हणूनच जाते आहे. आल्यावर आणखी एक अर्ज देणार आहे, आईपाशी आठवडाभर राहण्याचा. माडीचं नंतर बघू. तुझे दाजी सकाळपासून वरच्या गच्चीकडे बघत उसासे टाकतायत, टाकू दे.

तुझं म्हणणं खरं होतं. बारशाचं तर फार लागलं. पुन्हा लिहू नकोस.

बायांपुढे क्रेटवर बसलास, हे वाचून अण्णांची आठवण आली. पण गोरख, तू सुधारायचा नाहीस. मी काय लिहिलं होतं? मला गाडी हवी आहे असं लिहिलं होतं का? साडीच्या जागी पैसे पाठवलेस, आता स्वतःच्या जागी अमजद पाठवतोस! अमजद भला आहे, पण तो माझा भाऊ नाही. मला न्यायला मुराळी आलेला या गल्लीने अण्णांनंतर पाहिलेला नाही. मुराळी आदल्या संध्याकाळी येतो, मुक्काम करतो, सकाळी बहिणीला घेऊन निघतो. ही रीत आहे. तिला बदली माणूस नसतो आणि तिचे दुप्पट पैसेही होत नाहीत.

भरणीची गडबड आहे म्हणतोस. कुशाबाई आहे ना? शेड तिच्या हातात दे. ती नसली की अडचण होते, हे तुला कळलंच आहे. आता तू नसलास तर होते का, तेही बघ.

माझी रजा मंजूर झाली आहे. तुझी तू मंजूर कर.

अक्का

—

(अमजदच्या हाती आलेली चिठ्ठी, दि. ११ एप्रिल)

ती. अक्कास, न. वि. वि.

उद्या संध्याकाळी पाचच्या एसटीने निघतो. गाडी आईला लागेल, आणि अण्णा एसटीनेच यायचे. शेडच्या किल्ल्या कुशाबाईकडे दिल्या. तिने कमरेला खोचल्या आणि म्हणाली, जावा दादा, तुमाला भरपगारी.

मंचरच्या दुकानात जाऊन साडी घेतली. हर्षाली बरोबर येते म्हणत होती, मी नाही म्हटलं. रंग चुकला असेल तर नेसूनच चुकला म्हण.

स्वयंपाक करू नकोस. तू रजेवर आहेस. भाकरी बांधून आणतो.

गोरख